नाव यादीत, फंक्शन गायब: बॅकअप सर्व्हरवरचं एक्स्टेन्शन दुरुस्त करताना

मे महिन्यातली दुपार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. लाइट गेली, आली, परत गेली आणि त्या हेलकाव्यात मुख्य सर्व्हर जो आडवा झाला तो उठेना. तयारी होती. जुळे सोलापुरात मालकांच्या घरी दुसरं मशीन बॅकअप म्हणून चोवीस तास चालू ठेवलेलं. ऑफिसातल्या पोरानं ठरल्याप्रमाणे तेच मुख्य केलं आणि पाचव्या मिनिटाला मला फोन. "दादा, सगळं चालू झालंय, पण पार्टी शोधायला गेलं की एरर येतोय. सकाळपर्यंत लॅग शून्य होता बघा, मी स्वतः बघितलाय." लॅग म्हणजे बॅकअप मुख्य सर्व्हरच्या किती मागे आहे तो आकडा.

लॅग खरंच शून्य होता. शेवटच्या बिलापर्यंत डेटा पोचला होता. पोचलं नव्हतं ते नावं जुळवणारं फंक्शन. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू आडनावं एकाच खतावणीत नांदतात आणि एकच आडनाव तीन कारकून तीन प्रकारे लिहितात. त्यामुळे तिथला शोध नेमक्या अक्षरांवर नाही, साधर्म्यावर चालतो. हे काम पोस्टग्रेस या डेटाबेसला जोडलेलं पीजी_टीआरजीएम नावाचं एक्स्टेन्शन (जादा जोडणी) करतं, त्याच्या सिमिलॅरिटी या फंक्शनमधून.

तो बिघाड कसा शोधायचा आणि कसा काढायचा, ते पायरीपायरीनं सांगतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत; टाइप करताना अर्थातच रोमन. उदाहरणांत आवृत्ती १६ धरली आहे, आकडा तुमच्याप्रमाणे बदला.

आधी हे समजून घ्या: कार्ड आलं, जकार्ड आलं नाही

एक्स्टेन्शन ही एक वस्तू नाही, दोन आहेत. एक भाग डेटाबेसच्या आत असतो: पीजी_एक्स्टेन्शन आणि पीजी_प्रॉक या कोष्टकांतल्या नोंदी. 'सिमिलॅरिटी नावाचं फंक्शन आहे, ते अमुक फाइलीत सापडेल' एवढंच त्या सांगतात. दुसरा भाग डेटाबेसच्या बाहेर, मशीनच्या डिस्कवर असतो: .कंट्रोल फाइल, एसक्यूएल स्क्रिप्टा आणि खरं काम करणारी .एसओ लायब्ररी.

चादरीच्या मागावर नक्षीचं पंचकार्ड असतं आणि ते वाचणारं जकार्ड वेगळं, मागाच्या डोक्यावर बसवलेलं. कार्डाचा गठ्ठा दुसऱ्या शेडमध्ये नेला म्हणून तिथल्या साध्या मागावर मोर उमटत नाही. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन नेमकं हेच करतं. मुख्य सर्व्हरच्या वॉल नोंदी (डेटातल्या प्रत्येक बदलाची रोजनिशी) ते बॅकअपकडे वाहून नेतं, आणि क्रिएट एक्स्टेन्शनने झालेल्या नोंदी या वॉलमध्ये असतातच. .एसओ फाइल मात्र वॉलमध्ये नसते. बॅकअपची पहिली प्रत काढणारं पीजी_बेसबॅकअपसुद्धा डेटा डिरेक्टरीच उचलतं, लायब्ररीचा फोल्डर उचलत नाही.

आणि बॅकअप तक्रारही करत नाही. पीजी_टीआरजीएमवर बांधलेल्या जिन इंडेक्सचे (शोध जलद करणाऱ्या सूचीचे) बदल बॅकअपवर लागू होतात तेव्हा फक्त पानांवरचे बाइट जागच्या जागी ठेवले जातात. तिथं ती लायब्ररी लागतच नाही. म्हणून वर्षभर हिरवा दिवा, लॅग शून्य, आणि पहिला खरा प्रश्न विचारला की दातखीळ.

पायरी १: एरर शब्दन् शब्द वाचा

फोनवर सगळे म्हणतात, "फंक्शन सापडत नाही." त्यावरून काही कळत नाही. स्क्रीनवरचा पूर्ण मजकूर मागवा, शक्यतो सर्व्हरच्या लॉगमधून आणि पाच अक्षरी एरर कोडसह. लॉगमध्ये कोड दिसत नसेल तर लॉग_लाइन_प्रीफिक्समध्ये %e (रोमन ई) घाला. चार घराणी आहेत.

'कुड नॉट ॲक्सेस फाइल $लिबडिर/पीजी_टीआरजीएम, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', कोड ५८पी०१. नोंद आहे, लायब्ररी नाही. बॅकअप सर्व्हरवर बहुतेक वेळा हाच असतो. पायरी ३ आणि ४.

'फंक्शन सिमिलॅरिटी डझ नॉट एक्झिस्ट', कोड ४२८८३. डेटाबेसला त्या नावाची नोंदच दिसत नाही. एकतर एक्स्टेन्शन बनलेलं नाही, नाहीतर बनलंय पण सर्च_पाथच्या, म्हणजे डेटाबेस नावं ज्या कप्प्यांत (स्कीमांत) शोधतो त्यांच्या यादीच्या, बाहेर आहे. डंपवरून (डेटाबेस फाइलीत उतरवून घेतलेल्या प्रतीवरून) उभ्या केलेल्या सर्व्हरवर हा जास्त भेटतो. त्याच्यासाठी खाली वेगळा भाग आहे.

'कुड नॉट फाइंड फंक्शन … इन फाइल …'. कोड पुन्हा ४२८८३ आणि म्हणूनच फसवा. लायब्ररी आहे, पण जुनी. नोंदीत जे फंक्शन आहे ते या .एसओमध्ये अजून जन्मलेलंच नाही. पायरी ६.

'मस्ट बी लोडेड व्हाया शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज', कोड ५५०००. पायरी ५.

पायरी २: आपण नक्की कुठे उभे आहोत

ही पायरी बालिश वाटते, पण तिनं माझे तास वाचवलेत. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायची खिडकी) उघडून चार गोष्टी विचारा. पीजी_इज_इन_रिकव्हरी(): खरं आलं तर सर्व्हर अजून बॅकअपच्या भूमिकेत आहे, खोटं आलं तर मुख्य झालाय. करंट_डेटाबेस(), करंट_यूजर, आणि व्हर्जन().

डेटाबेसचं नाव का? कारण एक्स्टेन्शन सर्व्हरला लागत नाही, एकेका डेटाबेसला लागतं. 'पोस्टग्रेस' नावाच्या मूळ डेटाबेसमध्ये जाऊन क्रिएट एक्स्टेन्शन केलं आणि हिशेबाच्या डेटाबेसमध्ये चालत नाही म्हणून डोकं धरून बसलेला माणूस मी पाहिलाय. आरशात.

भूमिका का? बॅकअप असताना सर्व्हर फक्त वाचायला उघडा असतो. तिथे क्रिएट एक्स्टेन्शन मारलं तर 'कॅनॉट एक्झिक्यूट क्रिएट एक्स्टेन्शन इन अ रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शन' असं उत्तर येतं. घाबरलेला माणूस मग बॅकअपला मुख्य करून टाकतो, फक्त एक्स्टेन्शन बनवता यावं म्हणून. असं करू नका. मुख्य सर्व्हर जिवंत असेल तर दोन मुख्य होतील, दोन्हीकडे वेगवेगळी बिलं फाटतील आणि ती जुळवताना नाकी नऊ येतील. बॅकअपवर फक्त पॅकेज बसवायचं असतं. क्रिएट एक्स्टेन्शन मुख्य सर्व्हरवर होतं आणि नोंद आपोआप वाहत येते. मुख्यवर ते आधीच झालेलं असेल तर काहीच बनवायचं नाही.

पायरी ३: नोंदी आणि डिस्क एकमेकांसमोर ठेवा

पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-डीएक्स दिलं की बसवलेल्या एक्स्टेन्शनांची यादी येते आणि लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. बॅकअपवर ही यादी म्हणजे ऐकीव माहिती आहे. ती पीजी_एक्स्टेन्शन कोष्टकातून येते आणि ते कोष्टक मुख्य सर्व्हरकडून आलेलं आहे.

याउलट पीजी_अव्हेलेबल_एक्स्टेन्शन्स हा व्ह्यू त्याच मशीनच्या डिस्कवरच्या .कंट्रोल फाइली प्रत्यक्ष वाचतो. म्हणून बॅकअपवर एकच क्वेरी चालवा:

सिलेक्ट एक्स्टनेम फ्रॉम पीजी_एक्स्टेन्शन एक्सेप्ट सिलेक्ट नेम फ्रॉम पीजी_अव्हेलेबल_एक्स्टेन्शन्स;

पहिल्या यादीत आहे, दुसऱ्यात नाही, अशी नावं हाती येतात. त्या दुपारी तीन आली: पीजी_टीआरजीएम, अनॲक्सेंट आणि बीट्री_जिस्ट. पोराला एकच खटकलं होतं. बाकी दोन संध्याकाळी बोंबलले असते.

फाइली नेमक्या कुठे असायला हव्यात? डेबियन-उबुंटू या लिनक्सवर लायब्ररी /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१६/लिब मध्ये आणि कंट्रोल फाइली /यूएसआर/शेअर/पोस्टग्रेसक्यूएल/१६/एक्स्टेन्शन मध्ये. रॉकी किंवा रेड हॅटवर पोस्टग्रेस प्रकल्पाच्या रेपोतून बसवलं असेल तर /यूएसआर/पीजीएसक्यूएल-१६ च्या पोटात लिब आणि शेअर/एक्स्टेन्शन. पीजी_कॉन्फिग आज्ञेला --पीकेजीलिबडिर विचारलं तर तीही जागा सांगते, पण मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर ती भलत्याच आवृत्तीचा पत्ता देऊ शकते. चालू सर्व्हरच्या आतल्या पीजी_कॉन्फिग या व्ह्यूला विचारलेलं बरं. तो आवृत्ती ९.६ पासून आहे आणि सुपरयूजरलाच (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाच) उत्तर देतो.

पायरी ४: पॅकेज बसवा

या कारखान्यात मुख्य सर्व्हर उबुंटूवर होता आणि घरचं मशीन रॉकीवर, कारण ते आधी दुसऱ्या कामासाठी घेतलेलं. घोळाचं मूळ इथे आहे. डेबियन-उबुंटूत आवृत्ती १० पासून पोस्टग्रेससोबतची जादा एक्स्टेन्शनं मुख्य सर्व्हर पॅकेजातच येतात. पोस्टग्रेसक्यूएल-१६ बसवलं की पीजी_टीआरजीएम घरात. रॉकीवर ती वेगळ्या पॅकेजात असतात: पोस्टग्रेसक्यूएल१६-कॉन्ट्रिब. ते वेगळं मागवावं लागतं हे उबुंटूवर वाढलेल्या माणसाच्या मनातही येत नाही. मलाही त्या फोनवर आठवायला मिनिटभर लागलं.

कुठलं पॅकेज हवं ते कळत नसेल तर चालू असलेल्या मशीनवर त्या .एसओचा मालक शोधा. उबुंटूवर डीपीकेजी -एस (मोठा एस) आणि पूर्ण पाथ, रॉकीवर आरपीएम -क्यूएफ. उत्तरात पॅकेजचं नाव येतं. पोस्टजीआयएस वगैरे बाहेरची एक्स्टेन्शनं कॉन्ट्रिबमध्ये नसतात, त्यांची स्वतंत्र पॅकेजेस असतात.

मालकच सापडला नाही तर समजा की कुणीतरी कधीकाळी सोर्स आणून मेक इन्स्टॉल करून ठेवलंय. मग बॅकअपवरही तोच सोर्स, त्याच मोठ्या आवृत्तीच्या पीजी_कॉन्फिगकडे बोट दाखवून, पुन्हा बांधावा लागेल. पेनड्राइव्हवर .एसओ टाकून दुसऱ्या मशीनवर नेण्याचा मोह टाळा. दुसऱ्या मोठ्या आवृत्तीसाठी बांधलेली लायब्ररी पोस्टग्रेस सरळ नाकारतं, 'इनकम्पॅटिबल लायब्ररी' म्हणून. आवृत्ती जुळली तरी खालच्या सी लायब्ररीचं जुळेलच असं नाही.

पॅकेज बसल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही. लायब्ररी पहिल्या वापराच्या वेळी उचलली जाते. तिथल्या तिथे सिमिलॅरिटी('सोलापूर', 'सोल्लापूर') विचारून बघा. आकडा आला म्हणजे झालं. किती आला याला महत्त्व नाही.

पायरी ५: प्रीलोड लागणारी मंडळी

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्ससारखी काही एक्स्टेन्शनं सर्व्हर उठतानाच मेमरीत घ्यावी लागतात, शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगमधून. इथे डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या वाणाचा, फरक दोन्ही बाजूंनी चावतो.

डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ ही फाइल /ईटीसी खाली राहते, डेटा डिरेक्टरीच्या बाहेर. बेसबॅकअप तिला हात लावत नाही. त्यामुळे नव्या बॅकअपवर ही सेटिंग कोरी, आणि एक्स्टेन्शन ५५००० देतं. रॉकीवर ती फाइल डेटा डिरेक्टरीतच असते, म्हणून बेसबॅकअपबरोबर येते. तिथे लायब्ररी बसवलेली नसेल तर सर्व्हर उठतच नाही. हा दुसरा प्रकार मला आवडतो: पहिल्याच दिवशी ओरडतो. अल्टर सिस्टमने केलेल्या सेटिंगा पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ मध्ये असतात आणि ती फाइल सगळीकडे डेटा डिरेक्टरीतच असते, हेही ध्यानात ठेवा. ही सेटिंग बदलली तर मात्र रीस्टार्ट अटळ.

पायरी ६: आवृत्तीची तफावत

पीजी_अव्हेलेबल_एक्स्टेन्शन्समध्ये दोन रकाने आहेत. इन्स्टॉल्ड_व्हर्जन नोंदीतून येतो, डिफॉल्ट_व्हर्जन या मशीनच्या फाइलीतून. बॅकअपवर डिफॉल्ट मागे असेल तर इथली लायब्ररी जुनी आहे. पॅकेज अद्ययावत करा. पुढे असेल तर सहसा अडत नाही, नव्या लायब्ररीत जुनी फंक्शनं बहुधा ठेवलेली असतात.

यातूनच अपग्रेडचा क्रम ठरतो: आधी बॅकअपवर नवं पॅकेज, मग मुख्यवर, आणि शेवटी मुख्यवर अल्टर एक्स्टेन्शन … अपडेट. उलट केलं तर नवी नोंद जुन्या लायब्ररीच्या दारात जाऊन उभी राहते. आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं जुनीच लायब्ररी धरून असतात, तेव्हा ॲप्लिकेशनची कनेक्शनं एकदा तोडून जोडा.

डंपवरून उभा केलेला सर्व्हर: इथलं दुखणं वेगळं

पुष्कळ ठिकाणी रेप्लिकेशन नसतं. रात्री पीजी_डंप, सकाळी दुसऱ्या मशीनवर पीजी_रिस्टोर, झाला बॅकअप सर्व्हर. पीजी_डंप एक्स्टेन्शनची फंक्शनं उतरवून घेत नाही. 'क्रिएट एक्स्टेन्शन इफ नॉट एक्झिस्ट्स' अशी एक ओळ लिहून मोकळं होतं. त्या ओळीला फाइली सापडल्या नाहीत की ती पडते. आणि पीजी_रिस्टोरचा स्वभाव असा की एरर आला तरी पुढे चालत राहायचं, शेवटी 'एरर्स इग्नोअर्ड ऑन रिस्टोर' म्हणून एक आकडा सांगायचा. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामात तो आकडा कोण वाचतो? सिटेक्स्ट या एक्स्टेन्शनमधून येणाऱ्या प्रकाराचा रकाना असलेलं कोष्टक तर बनतच नाही, त्याचा डेटाही हवेत. म्हणून --एक्झिट-ऑन-एरर लावा. पीएसक्यूएलने रिस्टोर करत असाल तर ऑन_एरर_स्टॉप चालू करा.

फक्त एक स्कीमा उतरवत असाल, म्हणजे -एन (छोटा एन) देऊन, तर एक्स्टेन्शनची ओळ डंपमध्ये येतच नाही. आवृत्ती १४ पासून --एक्स्टेन्शन हा पर्याय आहे, तो जोडा.

आता खरी चकवणारी गोष्ट. एक्स्टेन्शन आहे, लायब्ररी आहे, तरी ४२८८३. बॅकस्लॅश-डीएक्स दिल्यावर स्कीमाच्या रकान्यात काय लिहिलंय बघा. समजा 'एक्स्ट' आहे. मुख्य सर्व्हरवर कुणीतरी अल्टर डेटाबेस … सेट सर्च_पाथ करून ती स्कीमा वाटेवर आणली होती. ही सेटिंग साध्या डंपमध्ये येत नाही. --क्रिएट दिलं तरच येते, तेही आवृत्ती ११ पासून. रोलवर लावलेली सेटिंग तर पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली शिवाय मिळत नाही. रोज दोन्ही घ्या.

सर्च_पाथमध्ये स्कीमा असूनही ती वापरकर्त्याला दिसत नसेल, तर यूसेज परवानगी तपासा. परवानगी नसलेली स्कीमा पोस्टग्रेस गुपचूप वगळतं. 'परवानगी नाही' म्हणत नाही, 'फंक्शन नाही' म्हणतं. करंट_स्कीमाज(ट्रू) विचारलं की प्रत्यक्ष वाट दिसते.

आणखी एक. मार्च २०१८ मधल्या सुरक्षा दुरुस्तीपासून (१०.३ आणि त्याच्या सोबतच्या आवृत्त्या) डंपमधली स्क्रिप्ट सर्च_पाथ रिकामा करून चालते. तुम्ही स्वतः लिहिलेलं एखादं फंक्शन आतून नुसतं अनॲक्सेंट(…) म्हणत असेल आणि त्यावर इंडेक्स असेल, तर मूळ सर्व्हरवर सगळं गोड आणि रिस्टोरच्या वेळी इंडेक्स बनवताना 'अनॲक्सेंट डझ नॉट एक्झिस्ट'. उपाय मूळ सर्व्हरवरच करायचा: फंक्शनच्या आत पब्लिक.अनॲक्सेंट असं स्कीमासकट लिहा, किंवा फंक्शनलाच सेट सर्च_पाथ जोडा. आवृत्ती १७ पासून इंडेक्स बांधणं, ॲनलाइझ, मटेरियलाइज्ड व्ह्यू ताजा करणं ही कामंही सुरक्षित सर्च_पाथवरच होतात, तेव्हा ही सवय तशीही लावावीच लागेल.

संकट यायच्या आधी तपासणी

यादी बघून समाधान मानू नका, लायब्ररी प्रत्यक्ष उचलून बघा. पीजी_प्रॉक कोष्टकात प्रोबिन नावाचा रकाना आहे. सीमध्ये लिहिलेलं प्रत्येक फंक्शन कुठल्या फाइलीत आहे ते त्यात असतं. त्यातली वेगवेगळी नावं काढायची आणि प्रत्येकावर लोड आज्ञा चालवायची. पीएसक्यूएलमध्ये क्वेरीनं 'लोड …' अशा ओळी तयार करून शेवटी बॅकस्लॅश-जीएक्सेक दिलं की त्या एकापाठोपाठ चालतात. पीजी_अपग्रेड स्वतः अपग्रेडआधी हीच परीक्षा घेतं. लोड ही आज्ञा बॅकअपच्या वाचन-अवस्थेतही चालते, फक्त सुपरयूजर हवा आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळी चालवायला हवी. आम्ही ती आता रोज पहाटे क्रॉनमधून चालवतो. एरर आला तर पोराच्या फोनवर मेसेज जातो.

दोन वेगळ्या डिस्ट्रोंवर मुख्य-बॅकअप ठेवण्याबद्दल माझं मत विचाराल तर ठेवू नका. एक्स्टेन्शन हा त्यातला बारका त्रास. मोठा त्रास असा की मजकुराचा क्रम पोस्टग्रेस बहुधा जीलिबसीकडून (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीकडून) घेतं, आणि तो क्रम आवृत्तीगणिक बदलू शकतो. २०१८ च्या २.२८ मध्ये तर भरपूर बदलला. मग मजकुरावरचे इंडेक्स बॅकअपवर चुकीची उत्तरं देऊ लागतात, तेही एरर न देता. नाइलाजानं तसं मशीन मुख्य करावं लागलंच तर मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करून (नव्यानं बांधून) घ्या. आम्ही त्याच रात्री केले.

एक राहिलं. फक्त शोध अडतो असं समजू नका. बॅकअप मुख्य झाला की पीजी_टीआरजीएमचा इंडेक्स असलेल्या कोष्टकात नवी नोंद घालतानाही ती लायब्ररी लागते, म्हणून इन्सर्टही पडतात. दुरुस्तीनंतर लॉगमध्ये ५८पी०१ शोधा आणि मधल्या वेळात काय काय अडलं ते काढा. लॉग_मिन_एरर_स्टेटमेंट मुद्दाम बदललेलं नसेल तर पडलेली पूर्ण आज्ञा तिथेच सापडते. त्या दुपारी पॅकेज बसायला दोन मिनिटं लागली. लॉगमध्ये सात नव्या पार्ट्या अडकलेल्या निघाल्या, पोरानं त्या एकेक करून परत भरल्या आणि मगच जेवायला गेला.